सोसणाऱ्या आईचा गौरव : एक फेरविचार

आमच्या वस्तीत एखादी म्हातारी बाई वारली की पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात भाषणे होतात. वंदना होते, मग एकेक वक्ता उभा राहतो. वक्ते बहुधा पुरुष असतात. 'माउलीने फार सोसले, पण कधी डोळ्यांतून टिपूस काढले नाही', हे वाक्य मी अशा कार्यक्रमांत इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कोणत्या बाईविषयी म्हटले जात आहे याचा विचारही मनात येत नाही. माझ्या आजीच्या कार्यक्रमातही ते म्हटले गेले. मी शेवटच्या रांगेत बायकांमध्ये बसले होते. शेजारच्या एका म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "रडत नव्हती व्हय गं? माझ्याच मांडीवर डोकं ठिवून रडायची की!"

आजी रडत असे, हे मलाही माहीत होते. ती चिडत असे, हेही माहीत होते. पाण्याच्या नळावरून एकदा ती सरपंचाच्या दारात जाऊन बसली होती आणि पाणी सुटेपर्यंत उठली नव्हती. पण भाषणांत तिचे रडणे आले नाही आणि तिचा संतापही आला नाही. उरली ती फक्त सोसणारी बाई. मला प्रश्न पडला, हा गौरव नेमका कोणाचा झाला? माझ्या आजीचा, की आम्हाला सोयीच्या वाटणाऱ्या एका मूर्तीचा?

आमच्या साहित्यातही ही मूर्ती आहे. १९७० नंतरच्या दलित कवितेत आणि स्वकथनांत आई पानोपानी भेटते. मोळी वाहणारी, खडी फोडणारी, उपाशी राहून पोराला शाळेत धाडणारी आई. त्या लेखनाचे मोल मी कमी करीत नाही. तोपर्यंत मराठी साहित्याला ही आई ठाऊकच नव्हती. पण ती आई बहुतेक वेळा मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. ती मुलासाठी सोसते आणि तिच्या सोसण्यातून मुलाचा विद्रोह जन्माला येतो. तिचा स्वतःचा विद्रोह कोठे गेला, हे विचारण्याची वेळ फार थोड्यांवर आली.

माझे म्हणणे असे की, सोशिकपणा हे आमच्या बायकांचे मूळ सामर्थ्य नव्हे. तो त्यांच्यावर लादलेला नियम होता. त्यांचे सामर्थ्य जेथे जेथे इतिहासात दिसते तेथे तेथे त्यांनी आपले दुःख आणि आपला राग चारचौघांत आणला, त्याला कारण दाखवले आणि त्याची मागणी केली. हे मी मनाने रचून सांगत नाही. इतिहासाकडे पाहिले तर ते सहज दिसते.

आधी नियमाविषयी. जातिव्यवस्थेने अस्पृश्यांचे पाणी, रस्ता, कपडे आणि दागिने ठरवून दिले, हे आपण नेहमी सांगतो. तिने चेहऱ्यावर काय दिसावे आणि काय दिसू नये हेही ठरवून दिले होते, याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमचं' (१९८६) मध्ये सरपण विकणाऱ्या महार बायकांचे वर्णन केले आहे. ब्राह्मणाच्या आळीत मोळी टाकताना लाकडात एखादा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकून राहिला नाही ना, हे त्यांना तपासून द्यावे लागे. घरातली बाई दुरून बोल लावी आणि हिने मान खाली घालून ते ऐकून घ्यावे. राग आला तरी मोळीचे पैसे बुडतील म्हणून गिळायचा. हे गिळणे हा तिचा स्वभावधर्म नव्हता. ती रोजच्या भाकरीची अट होती. ही अट ज्यांनी घातली त्यांनी नंतर तिलाच सहनशील आणि गरीब गाय म्हणावे, यात नवल नाही. नवल आहे ते आपण तेच शब्द उचलून आपल्या आयांच्या फोटोखाली लिहितो याचे.

आता दुसरी बाजू. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. निबंधाचा विषयच मांग-महारांचे दुःख हा आहे. अस्पृश्य स्त्रीच्या हातून उतरलेल्या अगदी पहिल्या लेखनांपैकी हे एक आणि त्याच्या शीर्षकात 'दुःख' हा शब्द आहे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. मुक्ता दुःख सांगते, पण कपाळाला हात लावून सांगत नाही. पेशवाईत आपल्या माणसांना इमारतींच्या पायात कसे गाडीत हे ती सांगते. ज्या धर्मात वेदांचा अधिकार नाही तो धर्म आपला कसा, असे विचारते. आणि आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्पर नसते, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, हे ती लिहिते. बाळंतिणीचे हाल ही तोवर फक्त बायकांनी बायकांत कुजबुजण्याची गोष्ट होती. या मुलीने ती छापील कागदावर आणली आणि तिचा जाब व्यवस्थेला विचारला. आपल्या परंपरेची सुरुवात शोधायची तर ती येथे शोधावी.

पण मुक्ता एकटी. बाकीच्या हजारो बायकांच्या दुःखाला वाट कोणती होती? जात्यावरची ओवी होती. मयताच्या वेळी गळ्यात पडून सूर लावून रडणे होते. आणि अंगात येणे होते. 'जिणं आमचं' मध्ये आषाढात बायकांच्या अंगात देव येण्याची जी वर्णने आहेत ती वाचताना अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. मलाही पूर्वी तसेच वाटे. आता वाटते की वर्षभर जिने 'ब्र' काढायचा नाही ती त्या दिवशी केस मोकळे सोडून घुमे, ओरडे, मागणी करी. आणि एरवी तिला हिडीसफिडीस करणारे घर तिच्यापुढे हात जोडून बसे. तिच्या संतापाला मोकळीक होती, पण देवीच्या नावाने. अंगातले वारे उतरले की ती पुन्हा सासूच्या आणि नवऱ्याच्या ताब्यात. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालीत, नाक कापीत, हेही त्याच पुस्तकात आहे. म्हणजे वर्षातून काही घटका मोकळे होण्याची सोय करून वर्षभराचा तुरुंग पक्का ठेवण्याचा हा प्रकार होता.

बाबासाहेबांच्या चळवळीने या ठिकाणी काय बदल केला, हे पाहिले पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, अस्पृश्यतेची खूण पटवणारे कथलाचे नि चांदीचे जड दागिने टाका, मुलींना शिकवा, हे त्यातले भाग पुष्कळांना माहीत आहेत. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली : नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका. या वाक्याकडे नीट पाहावे. दारुड्या नवऱ्याचे सोसणे हा आमच्याकडे बाईच्या थोरपणाचा पुरावा मानला जात असे. बाबासाहेबांनी तिला सोसायला सांगितले नाही. त्यांनी तिच्या हातात जी एकच सत्ता होती, चुलीची, ती वापरायला सांगितले. बायकांनी तेथेच, महाडमध्येच, लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. घरी परतताना त्या वेगळ्या दिसत होत्या. गावाने त्यांना हसून, प्रसंगी मारून, पुन्हा जुन्या पद्धतीवर आणण्याचा प्रयत्न केला, हेही आपल्याला ठाऊक आहे.

पुढची पंधरा वर्षे मला आपल्या स्त्रियांच्या इतिहासातली सर्वांत तेजस्वी वाटतात. त्यांची नोंद उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाने केली नसती तर ती हरवली असती. त्यातल्या जाईबाई चौधरी यांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचते. नागपूर-कामठी भागात हमाली करणारी ही बाई. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकली, शिक्षिका झाली; अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते म्हणून पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. तिने नागपुरात चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले. स्त्रियांच्या एकीची भाषणे झाली आणि जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवण्यात आले.

अशा वेळी बाईने काय करावे? सोशिकतेचे पुजारी म्हणतील, अपमान गिळून मोठ्या मनाने क्षमा करावी. जाईबाईंनी गिळला नाही. तेथे आकांडतांडवही केले नाही. काही दिवसांतच, १ जानेवारी १९३८ ला, आपल्या बायकांची सभा भरवून त्या परिषदेचा निषेध केला. त्यांच्या रागाचे मोल येथे आहे. एका बाईचा ताटापुढचा अपमान शेकडो बायकांपुढे मांडला गेला आणि त्यातून स्वतंत्र संघटनेचा निश्चय निघाला. राग विझू दिला नाही आणि तो आपल्याच घरच्या पोरांच्या पाठीवरही उतरू दिला नाही. यालाच मी भावनेवरचा ताबा म्हणते. ताबा म्हणजे गळा दाबणे नव्हे.

१९४२ च्या जुलैत नागपूरला दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिला जोडून २० जुलैला महिलांची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. समाजाची प्रगती मी त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेब तेथे म्हणाले. लग्न करणाऱ्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा, असेही त्यांनी सांगितले. पण मला बाबासाहेबांच्या भाषणाइतकेच महत्त्वाचे वाटतात ते बायकांचे ठराव. घटस्फोटाचा हक्क मिळावा. एकाहून अधिक बायका करण्याला कायद्याने बंदी असावी. गिरण्यांतल्या, विडीच्या कारखान्यांतल्या, नगरपालिकांतल्या कामकरी स्त्रियांना रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावे. गिरणीत बायकांवर देखरेख करायला बाईच नेमावी.

या ठरावांच्या मागे काय होते, याची कल्पना करून पाहा. घटस्फोटाच्या ठरावामागे मार होता. बहुपत्नीत्वाच्या ठरावामागे सवत होती. देखरेखीला बाई नेमा, या मागणीमागे गिरणीतल्या जॉबरचे हात आणि त्याची जीभ होती. एरवी ही सगळी दुःखे बाईने 'नशीब' म्हणून पदरात बांधून ठेवायची होती. त्या मांडवात त्यांना क्रमांक मिळाले, सूचक मिळाली, अनुमोदक मिळाली. हिंदू कोड बिलाची चर्चा देशात गाजण्यापूर्वी मोलमजुरी करणाऱ्या, बहुसंख्य निरक्षर बायका हे बोलून गेल्या होत्या. ज्या बाईने त्या दिवशी हात वर केला तिला आपण सोशिक म्हणणार असू, तर आपण तिचा हात पाहिलाच नाही.

कोणी म्हणेल, संयमाला काही किंमत नाही काय? आहे. २ मार्च १९३० ला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायकाही होत्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगड आले, शिव्या आल्या, तरी सत्याग्रह मोडला नाही. ते सोसणे आणि मोळी विकताना बोल ऐकून घेणे, दोन्ही वरवर सारखीच दिसतात. पण सत्याग्रहाचा संयम त्यांनी स्वतः स्वीकारला होता. त्याला हेतू होता, बरोबर सोबती होते आणि तो केव्हा थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे होता. दुसऱ्या सोसण्यात यांपैकी काहीच नव्हते. कोणाच्या हुकमाने, कशासाठी, कोणाबरोबर आणि किती दिवस, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय कोणाच्याही सहनशीलतेला हार घालू नये.

येथे रमाईंचा विषय टाळता येत नाही. सोशिकतेची आमची सर्वांत मोठी प्रतिमा त्यांची आहे. गोवऱ्या थापणारी, उपाशी राहणारी, न बोलणारी रमाई. चार अपत्यांचे मृत्यू त्यांनी पाहिले. त्यांतला शेवटचा राजरत्न, १९२६ च्या जुलैत गेला. त्यानंतर महिन्याभराने बाबासाहेबांनी एका स्नेह्याला पत्र लिहिले. मुलाच्या मृत्यूच्या धक्क्यातून आपण आणि आपली पत्नी सावरलो आहोत असे भासवण्यात अर्थ नाही, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने म्हटले आहे. एवढा विद्वान, एवढा कणखर पुरुष, आणि तो आपले कोसळणे लपवीत नाही. पत्नीचेही लपवीत नाही. मग आपण रमाईंच्या डोळ्यांतले पाणी कोणत्या अधिकाराने पुसून टाकतो? १९४० साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत धीराचा आणि सोसण्याच्या तयारीचा उल्लेख आहे, हे खरे. पण ते सोसणे त्यांच्याबरोबरचे, मित्रहीन दिवसांतले दोघांचे सोसणे होते, असे ते लिहितात. बरोबरीने सोसणे आणि एकाने सोसून दुसऱ्याने गौरव करणे, यांतले अंतर आपण विसरलो.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले. देव गेले. देवांबरोबर अंगात येणेही गेले. ते जायलाच हवे होते. पुढे घरोघरी गिरणीचे पीठ आले आणि जातेही गेले. दुःखाच्या जुन्या वाटा बंद झाल्या. त्यांच्या जागी महिला मंडळ आले, भीमगीते आली, मोर्चे आले. भूमिहीनांच्या १९६४ च्या सत्याग्रहात बायका कडेवर पोर घेऊन तुरुंगात गेल्या. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या. पण हे सगळे गावाशी आणि सरकारशी होते. घरातल्या दुःखाला १९४२ च्या मांडवात जी जागा मिळाली होती ती पुढे राहिली नाही. आपली महिला मंडळे जयंतीच्या खिरीची आणि वंदनेच्या पांढऱ्या लुगड्यांची व्यवस्था पाहत राहिली. शांत, मंगल, हसतमुख उपासिका हा नवा आदर्श झाला. बुद्धाने मनावर ताबा मिळवायला सांगितला, म्हणून बाईने रागावू नये, असा सोयीचा अर्थही आम्ही काढला. पुत्रशोकाने वेड्या झालेल्या किसा गौतमीला बुद्धाने 'रडू नकोस' म्हटले नव्हते, हे आम्ही विसरलो. त्याने तिला मोहरी मागायला घरोघरी पाठवले. म्हणजे इतरांच्या दुःखापर्यंत पाठवले.

या नव्या मौनाची किंमत काय, हे पुन्हा बेबी कांबळे यांच्याच उदाहरणाने सांगते. 'जिणं आमचं' त्यांनी फलटणला आपल्या दुकानात बसून लिहिले आणि घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. पुस्तकात समाजाची वेदना आहे, सुनांच्या छळाची वर्णने आहेत. स्वतःच्या संसारातला मार मात्र त्यात नाही. इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला, त्याबरोबरच्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी सांगितले. गावाच्या क्रौर्यावर एवढ्या निर्भयपणे लिहिणाऱ्या बाईला ही एक गोष्ट सांगायला आणखी बावीस वर्षे लागली. त्यांना धैर्य नव्हते असे कोण म्हणेल? ऐकणारे आम्ही तयार नव्हतो.

'घरचे दुःख चव्हाट्यावर आणले तर शत्रू हसेल', असे आमचे कार्यकर्ते सांगतात. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) पासून उर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) पर्यंत आमच्या बायकांच्या लेखनाला हे ऐकावे लागले. मी या भीतीला खोटी म्हणत नाही. आमच्या प्रत्येक उणिवेचे भांडवल करायला प्रस्थापित टपलेले आहेत. पण शत्रू हसेल म्हणून बाईने मार खाऊन गप्प बसावे, याचा अर्थ शत्रूच्या हसण्याची किंमत तिच्या पाठीने चुकवावी, असा होतो. हा हिशेब कोणी मांडला, आणि तो मांडताना तिला विचारले होते काय?

बोलण्याची किंमतही मोठी असते, हे खरे. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका आईला, तिच्या मुलीला आणि दोन मुलांना मारण्यात आले. ती आई जमिनीसाठी गावाशी झगडत होती आणि एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष द्यायला पुढे आली होती. त्यानंतर विदर्भातल्या बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या संतापामागे बाहेरचा हात शोधण्यात आला. आमच्या बायका स्वतःहून रागावू शकतात, हेच मुळी मान्य नाही. सोसले तर देवी आणि रागावली तर कोणाच्या तरी चिथावणीने, या दोन्ही व्याख्यांत बाई माणूस म्हणून कोठेच नाही.

२५ डिसेंबर हा दिवस आता आपण भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी भाषणे होतील, हार घातले जातील. माझी एक साधी सूचना आहे. त्या सभेत निदान एक तास कोणी भाषण करू नये. १९४२ च्या बायकांप्रमाणे वस्तीतल्या बायकांना ठराव मांडू द्यावेत. नळाचे, दारूचे, माराचे, कंत्राटी सफाईच्या पगाराचे. बोलताना एखादी रडली तर तिला गप्प करू नये. एखादी चिडली तर 'ताई, शांत व्हा' म्हणू नये. तिचे म्हणणे लिहून घ्यावे आणि खाली सूचक म्हणून तिचे नाव घालावे.

आजीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी उठून बोलले नाही. बोलायला हवे होते. आता लिहून सांगते : माझी आजी रडत असे, चिडत असे, आणि सरपंचाच्या दारातून ती पाणी घेऊनच उठली होती.